उजव्या हातावर नजर

दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. औषध कंपन्यांची कॅलेंडरं आणि किस्से. कॅलेंडरं मी रद्दीत घातली, किस्से कुठे घालणार? लग्नाच्या पंगतीत शेजारचा विचारतो, "काय करायचात आपण?" मी सांगतो. तो आधी स्वतःचा गाल धरतो, मग त्याच्या दाढेचा किस्सा सांगतो, आणि मग मलाही माझे चार सांगावे लागतात. असं होत होत ढीग झालाय.

मी मूळचा खारबावचा. भिवंडीत डॉ. वैशालीबाईंकडे असिस्टंट होतो, लोक कंपाउंडर म्हणायचे. दोन हजार चार-पाचच्या आसपासच्या या गोष्टी. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली सुताचं दुकान आणि मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. दिवसभर खटाखट चालू. पेशंटच्या ग्लासातलं पाणीसुद्धा थरथरायचं, आणि नवीन पेशंटला वाटायचं की ते त्याच्यामुळेच थरथरतंय. बाई भिवंडीतच वाढलेल्या, वडील पोस्टात होते. उंचीने बेताच्या, आवाज शांत, आणि हातात घाई अजिबात नाही.

पहिल्याच महिन्यात मला एक कळलं. दुखेल या भीतीने जो येतो, त्याला खोलीत दुसरं काही दिसत नाही. भिंतीवर बाईंनी हौसेने धबधब्याचं मोठं चित्र लावलं होतं. सहा वर्षांनी त्याची काच फुटली म्हणून ते काढलं, तर एकाही पेशंटने विचारलं नाही की चित्र कुठे गेलं. ट्रेमधली एक पक्कड जरा सरकली, तर मात्र दहा जणांना कळायचं.

*

बाहेरचं बाकडं आणि आतली खुर्ची यांच्यामध्ये फक्त प्लायवूडचं पार्टिशन होतं. बाकड्यावरची मंडळी आतल्या आवाजावरून अंदाज बांधत बसायची. मशीन किती वेळ चाललं, थुंकायला किती वेळा उठवलं, सगळा हिशोब.

एकदा बाकड्यावर पाच जण होते. आतून एकदम मोठ्याने आवाज आला, "आई गं!" मी बाहेर येऊन पाहतो तर बाकड्यावर दोनच जण. बाकीचे तिघे जिन्यात. त्यातला एक विम्याचा एजंट होता, रोज लोकांना मरणाची भीती घालणारा. तोसुद्धा चप्पल हातात घेऊन उतरत होता.

झालं होतं असं, की ड्रॉवर उघडा राहिला होता आणि बाईंचा गुडघा त्यावर आपटला होता. ओरडल्या होत्या त्या बाईच. खुर्चीतले आजोबा बिचारे शांतपणे बसलेले. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, ते कवळी घासून घ्यायला आले होते.

दुसऱ्या दिवशी एजंट परत आला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "कालचा माणूस... घरी गेला ना व्यवस्थित?"

त्यानंतर बाईंनी नियम केला. आत काहीही होवो, आपण दोघांनी ओरडायचं नाही.

*

इस्माईलभाई मागच्याच कारखान्यात लूम चालवायचे. वीस वर्षं त्या खटाखटीत काढून कान गेलेले. त्यांच्याशी बोलायचं तर बाईंना ओरडावं लागायचं. "दात कधीपासून दुखतोय?" हे तीनदा विचारलं, तर त्यांनी उत्तर दिलं, "दो बच्चे हैं, अल्ला का करम है."

दाढ काढायची होती. भूल दिली, ती लागेपर्यंत इस्माईलभाई डोळे मिटून पडलेले. बाईंनी त्यांच्या डोक्यामागे ठेवलेल्या ट्रेमधून पक्कड उचलली. मी शेजारी उभा होतो, मला आवाज आला नाही. मागे लूम चालू होते.

इस्माईलभाई डोळे न उघडता म्हणाले, "डॉक्टरसाब, वो बड़ावाला रख दो. छोटे से करो."

बाईंनी मुकाट्याने मोठी ठेवली आणि छोटी उचलली. मग पुढच्या वेळेपासून ट्रेमध्ये जाड टॉवेल अंथरायला लागलो.

त्यांच्या कपाळावर जखमेची जुनी खूण होती. लूममधून शटल, म्हणजे धोटा, उडून लागलं होतं, डोळा थोडक्यात वाचला होता. दाढ काढून झाल्यावर मी कागदावर लिहून विचारलं, शटलला भीत नाही आणि सुईला भिता, असं कसं?

ते कापूस चावत म्हणाले, "शटल बता के थोड़ी आता है."

*

आता डाव्या हाताचं. बाई डावखुऱ्या. लहानपणी डाव्या हाताने जेवतात म्हणून मार खाल्लेला, त्यामुळे उजवाही तयार झाला होता, पण खरा हात डावाच. हे पेशंटला माहीत नसायचं.

एका शाळेतले पीटीचे सर आले होते. गळ्यात शिट्टी, दंड भरलेले, पोरं त्यांच्या नुसत्या नजरेने रांगेत उभी राहतात अशी ख्याती. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी बाईंना बजावलं, "मला सांगून टोचायचं. मी तयार असलो की टोचायचं. अचानक नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि उजव्या हातात आरसा घेतला. तोच तो दांडीचा छोटा गोल आरसा. सरांची नजर त्या आरशावर जी बसली ती हलेना. आरसा डावीकडे, सरांचे डोळे डावीकडे. आरसा वर, डोळे वर. बाईंनी हिरडीला बधिर करणारी जेली आधीच लावली होती. त्यांनी गाल जरा हलवला, डाव्या हाताने खालून सुई आणली, काम केलं आणि सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

सर आरशाकडे बघतच होते. मिनिटभराने म्हणाले, "हं. मी तयार आहे. द्या."

"झालं," बाई म्हणाल्या.

सरांचा विश्वास बसेना. त्यांनी मला विचारलं, मी मान हलवली. ओठ जड व्हायला लागला तेव्हा कुठे पटलं, आणि मग मात्र ते चिडले. म्हणाले, "ही फसवणूक आहे." पण पुढच्या महिन्यात मिसेसना घेऊन आले.

त्या दिवसापासून आमचा तो शिरस्ताच झाला. उजव्या हातात काहीतरी चकचकीत धरायचं आणि काम डाव्याने करायचं. भिणारा जितका जास्त, तितकं ते बिनचूक चालायचं.

*

मला हे सगळं माहीत होतं, म्हणून माझी अक्कलदाढ सुजली तेव्हा मी बेफिकीर होतो असं नाही. खोटं कशाला सांगू, मी तीन दिवस लवंग धरून फिरलो. चौथ्या दिवशी बाईंनीच खुर्चीकडे बोट दाखवलं.

मी बसलो. बाईंनी उजव्या हातात आरसा घेतला. मी मनात हसलो आणि डाव्या हातावर नजर ठेवली. डावा हात निवांत गुडघ्यावर होता. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. मी काय पीटीचा सर होतो?

"झालं," बाई म्हणाल्या.

आरसा कधी खाली ठेवला, सुई कधी उजव्या हातात घेतली, मला कळलंच नाही.

*

आता दामूशेठ. हा एकच माणूस, पण त्याचं मोठं आहे, आणि त्यात हसण्यासारखं असलं तरी त्या दिवसांत आम्ही फार हसलो नव्हतो.

दामूशेठ भिवंडीजवळच्या कोन गावचे. पूर्वी भातशेती आणि खाडीतली मासेमारी, आता जमिनीवर गोडाऊनं उभी, भाड्याने दिलेली. गळ्यात चेन, बोटांत अंगठ्या, आवाज असा की खालच्या सुताच्या दुकानातला माणूस वर बघायचा. पुराच्या पाण्यात उतरून दुसऱ्याची गुरं काढणारा हा गडी. दाढेचा तुकडा पडलाय, गालाला घासतोय म्हणून आला, सोबत बायको हिराकाकी. काकी बोलायला कमी, पदर खांद्यावरून पुढे घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

बाईंनी गाल ओढून आत पाहिलं आणि आरसा पुन्हा एकदा तिथेच फिरवला. मी मागे उभा होतो, मलाही दिसलं. गालाच्या आत पांढरा, खडबडीत डाग. शेठ तंबाखू तिथेच ठेवायचे. असे डाग मी याआधीही बाईंच्या मागे उभा राहून पाहिले होते. त्यातले दोघे जण पुढच्या दिवाळीला नव्हते.

बाईंनी खुर्ची सरळ केली आणि दोघांना नीट समजावलं. दाढेच्या टोकाने झालं असेल, तंबाखूने झालं असेल, साधंही असेल. पण कॅन्सर नाही ना, हे बघायलाच हवं. भूल देऊन छोटासा तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा.

शेठने लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "सुई केवडी हाय?"

बाईंनी दाखवली.

"गालानं टोचाची का हिरडीनं?"

"गालात."

"आरपार त न्हाय ना जायाची?"

"नाही."

"मंग आज नको. आज अवस हाय."

त्या दिवशी अमावस्या नव्हती. काकींनी उठताना एकच विचारलं, "तुकडा दिल्यावर किती दिसांनी कलंल?"

"आठ-दहा दिवस," बाई म्हणाल्या.

काकींनी मान हलवली. मला तेव्हा शेठचा रागच आला. एवढा मोठा शब्द कानावरून गेला आणि हा माणूस सुईची लांबी विचारतो. नंतर विचार केला तर वाटलं, त्या शब्दाकडे बघण्याची हिंमत नसेल, सुईकडे तरी बघता येत होतं.

*

दुसऱ्या वेळी शेठ आले, खुर्चीत बसले, मी गळ्यात निळा कागदी रुमाल अडकवला. बाई हात धुवायला वळल्या. शेठ म्हणाले, "गारी रस्त्यान लावलीय, जरा बाजूला घेतो." आणि खाली गेले.

आम्ही अर्धा तास वाट पाहिली. काकी स्टुलावर बसून होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "ते आता न्हाय येत. मना रिक्षानं जावं लागंल."

संध्याकाळी एका पेशंटने सांगितलं की दामूशेठ कोनच्या नाक्यावर चहा पीत उभे होते, चार भाडेकरूंशी जोरात बोलत होते, आणि गळ्यात निळा रुमाल तसाच होता. कुणाची विचारायची टाप नव्हती. दोघांना वाटलं, कुठल्या तरी पक्षाचा असेल.

*

तिसऱ्या वेळी शेठ आलेच नाहीत. त्यांचा ड्रायव्हर आला, बाळ्या म्हणून. वय पन्नाशीचं, नाव बाळ्या. म्हणाला, "शेठनी सांगितलंय, दुसऱ्या कुनाला टोचतात तवा उभा रा आन् बगून ये."

बाईंनी त्याला उभं राहू दिलं. त्या वेळी खुर्चीत एक शिक्षिका होत्या. उजव्या हातात आरसा, डाव्याने काम, शिक्षिकाबाईंना पत्ता नाही. बाळ्याने मात्र सगळं पाहिलं, कारण त्याला टोचणार नव्हते. जाताना त्याने सुईची लांबी करंगळीच्या पेरावर मोजली आणि कोनला जाऊन सगळा रिपोर्ट दिला.

म्हणजे आमची युक्ती गेली. चौथ्यांदा शेठ आले तेव्हा खुर्चीत बसताच म्हणाले, "बाई, दोनी हात मना दिसले पायजेत." बाईंनी दोन्ही हात वर केले. दरोडा पडल्यासारखं दृश्य. बाईंनी कुठलाही हात हलवला की शेठ "आं" करून उठत. तीनदा झालं. मग ते उतरून निघून गेले.

दोन महिने गेले होते. त्या दिवशी दुपारी बाई डबा उघडून तशाच बसल्या. मला म्हणाल्या, "मी हजार जणांना फसवलं असेल, आणि ज्याला फसवायलाच हवं तो एक सापडत नाहीये."

*

पाचव्यांदा काकी त्यांना घेऊन आल्या. कसं आणलं विचारू नका, मलाही माहीत नाही. जिन्यात शेठ पुढे, काकी मागे, म्हणजे परतायचा रस्ता बंद.

शेठ खुर्चीत बसले. बाईंनी जेली लावली, तोंडात गाल बाजूला धरायचा चाप अडकवला. शेठची नजर एकदा या हातावर, एकदा त्या हातावर. तेवढ्यात शेठचा मोबाईल वाजला. काकींनी तो शेठच्या खिशातून काढला, बटण दाबलं आणि स्पीकर लावून त्यांच्या छातीवर ठेवला.

"शेठ, बाल्या बोलतोय. कंटेनरवाल्यानं रिव्हर्स घेतला न् नवा गेट पारला."

शेठचे डोळे छताला लागले. "आं?"

"पुरा पारला शेठ. वरशी कमान बी वाकली. आन् डायवर बोलतोय, गेटच चुकीच्या जागंवं हाय."

"आं... आं!" शेठच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. मुठी आवळल्या. तोंडात चाप असल्यामुळे शब्द फुटेना. पलीकडून बाळ्या एकेक खबर देत होता, कमान कशी वाकली, पाटी कशी तुटली, माणसं कशी जमली, कोण हसतंय. शेठ खुर्चीत तडफडत होते, पण त्यातलं काहीही सुईसाठी नव्हतं.

बाईंनी कुठलाच हात लपवला नाही. समोरून भूल दिली, थांबल्या, तुकडा काढला, टाके घातले. मी बाटलीवर नाव लिहिलं.

चाप काढला तसे शेठ उठून उभे राहिले. जड जिभेने म्हणाले, "बाई, आज रावद्या. गेट परलाय. मी पुन्यांदा येतो."

"जा," बाई म्हणाल्या. "काम झालंय."

त्यांनी ऐकलंही नाही, धडाधड जिना उतरले. आम्ही काकींकडे पाहिलं. काकी पदर सारखा करत म्हणाल्या, "गेट हाय जागंवं. मीच सांगितलं बाल्याला, अकराला फोन कर."

पुढचं बाळ्याने सांगितलं. शेठ कोनला पोचले, धडधाकट गेटसमोर उभे राहिले आणि बाळ्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं. पण अर्धा ओठ मेलेला. एकही शिवी धड येईना. शेवटी चिडून रडायलाच लागले, आणि बाळ्याही रडला.

*

दहा दिवसांनी पाकीट आलं. मी सही करून घेतलं आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं. शेठ आणि काकींना फोन केला. ते येईपर्यंत बाईंनी पाकीट उघडलं नाही, म्हणाल्या, त्यांच्यासमोरच. मी त्या सकाळी तीन पेशंटच्या नोंदी चुकीच्या पानावर केल्या.

शेठ आले, खुर्चीत न बसता उभेच राहिले. काकी त्यांच्या शेजारी, त्याही उभ्या. बाईंनी कागद काढून वाचला. मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होतो. खांदे खाली आले तेव्हाच मला कळलं.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "दाढेच्या घासण्याने आणि तंबाखूने झालेलं आहे. दाढेचं टोक मी आज घासून देते. तंबाखू आजपासून बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं."

शेठ कागदाकडे वाकून बघायला लागले. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे पुना सुई न्हाय?"

"नाही."

तेव्हा शेठ बसले. बसले आणि त्यांनी दोन्ही हातांत तोंड धरलं. मग उठले, खिशातली तंबाखूची पुडी माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, बाईंना वाकून नमस्कार केला, मला मिठी मारली आणि पेढे आणायला खाली गेले. जिन्यात त्यांचा आवाज ऐकू येत होता, वर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. मला इतकं हलकं वाटत होतं की त्यांच्या मागे धावत जावं असं वाटलं.

काकी मात्र गेल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या. थोड्या वेळाने गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "बाई, माजा बी येक दात बगाल का?"

बाईंनी त्यांना खुर्चीत घेतलं. आरसा घातला आणि मला दिवा जवळ आणायला सांगितलं. खालची दाढ मुळापर्यंत पोकळ झाली होती. हिरडीला पू धरलेला, आतून गाठ आलेली. अशी दाढ घेऊन माणूस झोपू शकत नाही, घास चावू शकत नाही. असा पेशंट जिन्यातूनच ओरडत येतो.

बाई जरा रागानेच म्हणाल्या, "काकी, अहो हे काय आहे? किती महिन्यांपासून दुखतंय हे?"

काकींनी खरंच आठवून पाहिलं.

"महिने कुठले," त्या म्हणाल्या. "आताच दुकाया लागला. तुमी कागद वाचला ना, तवापासून."